वकिलाचा शब्द: सनदेनंतरची पहिली तीन वर्षं

(नव्यानं सनद घेतलेल्या वकिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुम्ही सगळ्यांनी गेल्या वर्षा-दोन वर्षांत सनद घेतली आहे. काहींची ऑल इंडिया बार परीक्षा झाली, काहींची राहिली असेल. कायदा तुम्ही शिकून आला आहात. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियानं वकिलाच्या वर्तनाचे नियम केले आहेत. त्यातल्या सहाव्या भागाचं दुसरं प्रकरण एका संध्याकाळी वाचून होतं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी या आठवड्यात वाचावं. आज बोलायचं आहे ते त्या नियमांच्या आसपासच्या गोष्टींबद्दल. त्या कुठं छापलेल्या नाहीत, कुणी मुद्दाम शिकवत नाही आणि त्या मोडल्या तर नोटीसही येत नाही. फक्त हळूहळू तुमच्याकडे काम यायचं थांबतं आणि का थांबलं ते कळत नाही.

कोर्टातलं रोजचं काम फार मोठ्या प्रमाणात तोंडी शब्दावर चालतं. ‘साहेब, समन्स बजावलंय’, ‘मूळ कागद रेकॉर्डवर आहे’, ‘तडजोडीची बोलणी चालू आहेत’, ‘साक्षीदार आजारी आहे’. बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामाच्या यादीत, साठ-सत्तर प्रकरणं असताना न्यायाधीश ही वाक्यं प्रत्येक वेळी फाइल उघडून तपासू शकत नाहीत. ते बोलणाऱ्याकडे पाहतात आणि ठरवतात. काही वकिलांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या कामाच्या कोर्टातल्या नोंदीत, उतरतं. काहींना मात्र ‘अर्ज द्या, प्रतिज्ञापत्र लावा’ असं सांगितलं जातं. दोघांचं कायद्याचं ज्ञान सारखं असू शकतं, पण एकाचा शब्द चालतो, दुसऱ्याचा चालत नाही. पहिल्या तीन वर्षांत कमवायची गोष्ट ही आहे, आणि पुढं मी जे सांगणार आहे ते सगळं इथूनच निघतं.

सुरुवात डायरीपासून करू. सिनिअरच्या ऑफिसची डायरी वेगळी आणि तुमची स्वतःची वेगळी ठेवा. प्रत्येक प्रकरणाला पाच गोष्टी हव्यात: मागची तारीख, प्रकरण क्रमांक आणि पक्षकारांची नावं, कोर्ट, टप्पा आणि पुढची तारीख. टप्पा नेमका लिहा. ‘सुनावणी’ या शब्दाला काही अर्थ नाही. ‘वादीचा उलटतपास बाकी’, ‘निशाणी ५ वर युक्तिवाद’, ‘कैफियतीसाठी’ (म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी) असं हवं. तारीख मिळाली की कोर्टातच, उभ्या उभ्या, आजच्या पानावर पुढची तारीख लिहायची आणि लगेच त्या पुढच्या पानावर प्रकरण चढवायचं. या दोन नोंदींमध्ये अर्धा दिवस गेला की प्रकरण हरवतं. संध्याकाळी ऑफिस सोडण्यापूर्वी आजच्या पानावर बोट ठेवून खाली यायचं, आणि ज्या प्रकरणापुढं पुढची तारीख नाही ते ई-कोर्ट्सच्या ॲपवर, प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अक्षरांच्या सीएनआर क्रमांकानं शोधायचं. मात्र ॲपवरच विसंबू नका. तिथली नोंद कधी उशिरा होते, कधी चुकते. रोजनामा हाच आधार.

डायरी चुकली तर काय होतं ते प्रकरणागणिक बदलतं, आणि हा फरक नव्या वकिलाला माहीत असलाच पाहिजे. दिवाणी दाव्यात वादी गैरहजर, प्रतिवादी हजर, तर दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या नवव्या आदेशाच्या आठव्या नियमाखाली काढून टाकला जातो. तो परत फाइलवर घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज देता येतो. खर्च बसतो, बोलणी बसतात, पण दावा जिवंत होऊ शकतो. चेक न वटल्याच्या फिर्यादीत फिर्यादी गैरहजर राहिला तर दंडाधिकारी आरोपीला निर्दोष सोडू शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २५६ खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७९ खाली आहे, आणि त्यात फिर्यादीला हजर राहायला आधी ३० दिवस द्यावे लागतात. निर्दोष सोडल्याचा आदेश त्याच दंडाधिकाऱ्यांना मागं घेता येत नाही; वरच्या कोर्टात जावं लागतं. म्हणजे एकाच सकाळी दोन कोर्टांत पुकारा होणार असेल आणि तुम्ही एकटे असाल, तर आधी कुठं उभं राहायचं ते आदल्या रात्री ठरलेलं हवं.

कोर्ट अकराला बसत असेल तर साडेदहाला इमारतीत असा. त्या अर्ध्या तासात बोर्ड पाहायचा, आपली प्रकरणं कितव्या क्रमांकावर आहेत ते टिपायचं, समोरचे वकील आलेत का ते पाहायचं, आणि दुसऱ्या कोर्टात अडकणार असाल तर बेंच क्लार्कला नम्रपणे सांगून ठेवायचं. पुकारा झाल्यावर धापा टाकत येणारा वकील आणि पुकाऱ्याआधी पाच मिनिटं मागच्या बाकावर फाइल उघडून बसलेला वकील, दोघंही न्यायाधीशांना डायसवरून दिसत असतात. फाइलमधलं शेवटचं रोजनाम्याचं पान, दावा अर्ज आणि आज ज्यासाठी तारीख आहे तो कागद, या तीन ठिकाणी खुणेच्या पट्ट्या लावलेल्या असाव्यात. न्यायाधीशांनी काही विचारलं आणि तुम्ही पानं उलटत राहिलात, तर तेवढ्या वेळात तुमच्याबद्दलचं मत तयार होतं.

आता मुदतीबद्दल. ज्युनिअर पहिलं वर्षभर बहुधा तारीख मागायलाच उभा राहतो. हे काम हलकं समजलं जातं. माझ्या मते शब्द कमावण्याची किंवा घालवण्याची सगळ्यांत मोठी जागा हीच. दिवाणी प्रक्रिया संहितेचा सतरावा आदेश एकदा नीट वाचा. सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं तो म्हणतो. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेला आहे हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. व्यवहारात न्यायाधीश समजून घेतात, पण ते त्यांचं सौजन्य असतं, तुमचा हक्क नसतो. म्हणून मागताना हक्काचा सूर नको.

मुदत मागायची ठरली की आदल्या संध्याकाळी समोरच्या वकिलांना फोन करा. त्यांनी साक्षीदार गावाहून बोलावलेला असेल तर त्याचा दिवस आणि भाडं दोन्ही वाचतं. उभं राहिल्यावर चार वाक्यांत संपवा: मी अमुक वकिलांच्या वतीनं उभा आहे, आज प्रकरण अमुक टप्प्यावर आहे, अमुक कारणानं मुदत हवी आहे, समोरच्या वकिलांना काल कळवलं आहे. कारण खरं सांगा. सिनिअर उच्च न्यायालयात गेले असतील तर तेच सांगा. ‘तब्येत बरी नाही’ असं सांगितलं आणि अर्ध्या तासानं तेच सिनिअर खालच्या मजल्यावर उलटतपास घेताना दिसले, तर खोटं तुमच्या नावावर जमा होतं, त्यांच्या नाही. सिनिअरनं असं सांगायला लावलं तर काय करायचं? ‘मॅडम, वैयक्तिक अडचणीमुळं त्या येऊ शकत नाहीत, इतकंच मला माहीत आहे’ असं म्हणण्याची मोकळीक तुम्हाला आहे. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं सांगायचं नाही, एवढी रेघ आखून घ्या.

आणि तयारी ठेवा की मुदत मिळणार नाही. ‘चला, तुम्हीच सुरू करा’ असं न्यायाधीश म्हणतात तेव्हा फाइल वाचलेली असावी. वाचली नसेल तर थातुरमातुर उलटतपास घेऊन पक्षकाराचं नुकसान करण्यापेक्षा, तयारी नाही हे कबूल करून दुपारच्या सत्रापर्यंत वेळ मागावा. दोन तासांत शंभर पानं वाचून होतात.

तुमचं नाव वकीलपत्रावर, म्हणजे पक्षकारानं वकील नेमल्याच्या कागदावर, नसेल तर तुम्ही काय करू शकता, याविषयीही गोंधळ असतो. ज्यांचं वकीलपत्र दाखल आहे त्यांच्या सांगण्यावरून तुम्हाला युक्तिवाद करता येतो. पण पक्षकाराच्या वतीनं सही करणं, दावा काढून घेण्याची पुरसीस (लेखी निवेदन) देणं, तडजोडीला होकार देणं, ‘हा मुद्दा आम्ही सोडतो’ असं म्हणणं, यातलं काहीही तुमच्या हातात नाही. न्यायाधीश कामाच्या ओघात विचारतात, ‘यावर तुमची हरकत नाही ना?’ आणि नवा वकील घाबरून मान हलवतो. रोजनाम्यात ‘हरकत नाही’ असं उतरतं, आणि ते काढून घेण्यासाठी पुढं दोन वर्षं जातात. त्या क्षणी एकच वाक्य म्हणायचं: ‘सर, मला याबाबत सूचना नाहीत, घेऊन सांगतो.’ यात कमीपणा काही नाही.

संबोधनावर दोन शब्द. बार कौन्सिलनं २००६ मध्ये केलेल्या नियमानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, आणि खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतलं त्या अर्थाचं संबोधन पुरतं. आपल्याकडे सर, मॅडम, साहेब सगळं चालतं. आवाज मात्र बेताचा हवा, आणि समोरचे वकील बोलत असताना मध्ये बोलायचं नाही.

कर्मचाऱ्यांशी वागणं हा फार महत्त्वाचा भाग आहे. बेंच क्लार्क, शिरस्तेदार, लघुलेखक, नाझर विभागातले लोक, बेलिफ, पट्टेवाले: कोर्ट ही माणसं चालवतात. त्यांना नावानं ओळखा, ‘अहो-जाहो’ करा. फाइल पाहायला मागितली तर त्यांच्या समोरच पाहा, पान दुमडू नका, खूण करू नका, आणि काम झालं की बांधून परत द्या. फाइलमधून कागद काढून झेरॉक्सला पळणारा ज्युनिअर आठवडाभरात सगळ्या इमारतीला माहीत होतो. वाटेल ते झालं तरी काम लवकर व्हावं म्हणून हातात नोट ठेवायची नाही. एकदा दिली की तुमचं साधं कामही त्याशिवाय हलत नाही, आणि तो खर्च तुम्ही पक्षकाराला खरा सांगू शकत नाही. काम खरोखर कशामुळं अडतं ते पाहा. समन्स परत येतं कारण पत्त्यात गल्ली, वाडी, पिनकोड नसतो, किंवा नक्कल जोडलेली नसते, किंवा बजावणीचा भत्ता भरलेला नसतो. पत्ता पूर्ण लिहा, पक्षकाराचा मोबाइल क्रमांक कळवा, भत्ता आदेशाच्या दिवशीच भरा. निम्म्या तक्रारी तिथं संपतात.

कागद दाखल करण्याबद्दल मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. दावा किंवा अर्ज लिहून झाला की तारखा आणि आकडे पेन्सिलनं गोल करून मूळ कागदाशी एकेक ताडून पाहा. सातबाऱ्यावरचं क्षेत्र, गट क्रमांक, चतुःसीमा, करारनाम्याची तारीख, यांत एक अंक चुकला तर दुरुस्ती अर्ज, त्यावर समोरच्यांचं म्हणणं, मग आदेश, असे तीन-चार महिने जातात. पानांना क्रमांक, कागदयादीत प्रत्येक कागदाचं वर्णन आणि तारीख, समोरच्या प्रत्येक पक्षासाठी एकेक वाचता येईल अशी प्रत. अंधुक झेरॉक्स देणं हा समोरच्या वकिलांचा अपमान आहे असं मी मानतो.

निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, समोरच्याला न ऐकता एकतर्फी हुकूम मिळाला की ज्युनिअर आनंदानं बाहेर येतो, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकोणचाळिसाव्या आदेशाचा तिसरा नियम विसरतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि आधाराची कागदपत्रं यांच्या प्रती प्रतिवादीला ताबडतोब द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवायच्या असतात, आणि पाठवल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी दाखल करायचं असतं. हे झालं नाही तर समोरचे वकील पहिल्याच तारखेला तो मुद्दा काढतात आणि मिळालेला हुकूम जाऊ शकतो. म्हणून अशा अर्जाच्या दिवशी सकाळीच लिफाफे तयार असावेत, पत्ते लिहिलेले असावेत. एकतर्फी मागताना आणखी एक पथ्य आहे: समोरचा माणूस नसतो, म्हणून त्याच्या बाजूची अडचणीची वस्तुस्थितीही तुम्हीच सांगायची. आधीचा दावा, आधी फेटाळलेला अर्ज, चालू असलेली वाटपाची बोलणी लपवलीत आणि ते नंतर उघड झालं, तर त्या कोर्टात पुढची कित्येक वर्षं तुम्हाला एकतर्फी काहीही मिळणार नाही.

निवाडे दाखवतानाही असंच. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे २०२३ पासून ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन संग्रहावर फुकट उपलब्ध आहेत, त्यामुळं पूर्ण निवाडा न वाचण्याला आता सबब नाही. नुसती शीर्षटीप, म्हणजे निवाड्याच्या डोक्यावरचा सारांश, वाचून निवाडा दाखवू नका. ज्या परिच्छेदावर भिस्त आहे त्याचा क्रमांक सांगा, आणि तो निवाडा नंतर बदलला गेला का ते तपासा. आपल्या विरुद्ध जाणारा निवाडा माहीत असेल तर तो स्वतः दाखवून फरक समजावून द्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून निवाडे शोधणारे आता खूप आहेत. ही साधनं अस्तित्वात नसलेले निवाडे, नाव-वर्षासकट, खऱ्यासारखे रचून देतात. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयानं जून २०२३ मध्ये अशा बनावट निवाड्यांबद्दल दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला ५,००० डॉलर दंड केला. त्या आदेशातला लक्षात ठेवण्याजोगा भाग असा, की न्यायालयानं शंका घेतल्यावरही ते वकील त्या निवाड्यांना चिकटून राहिले होते. पहिल्याच विचारणीला ‘चूक झाली’ म्हटलं असतं तर प्रकरणाला वेगळं वळण लागलं असतं.

चुकांचा विषय निघालाच आहे. चूक तुमच्याकडून होणार. ती कळल्यावर पहिल्या तासात सिनिअरला सांगायची. हे मी नीतीचा उपदेश म्हणून सांगत नाही. उपाय शिल्लक असतो तोवर सांगण्याला किंमत असते. चेकचं उदाहरण घ्या. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर एक महिन्यात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीचे ३० दिवस मात्र माफ होत नाहीत. तुमच्या टेबलावर नोटीस पडून राहिली आणि एकतिसावा दिवस उजाडला. त्याच दिवशी सांगितलंत तर सिनिअर विचारतील, चेकची तारीख काय? चेक तीन महिने वैध असतो. मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरता येतो, पुन्हा परत आला की नव्यानं नोटीस देता येते. प्रकरण वाचलं. तीच गोष्ट भीतीनं दोन महिने दाबून ठेवलीत तर हा दरवाजा बंद झालेला असतो. नोटिशीत रक्कमही चेकवरचीच मागा. व्याज, खर्च वेगळे दाखवा. चेकची रक्कमच चुकली तर नोटीस बाद ठरते.

अपिलाचंही तसंच. निकाल लागला त्याच दिवशी सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज द्या, अपील करायचं ठरलेलं नसलं तरी द्या. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नकलेसाठी लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ खाली वजा होतो, पण फक्त अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा. तयार झालेली नक्कल तुम्ही पंधरा दिवस उचलली नाहीत तर ते पंधरा दिवस तुमच्या खाती. नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची, अशा तारखा असतात. त्या पाहून मुदत मोजायची सवय लावा आणि शेवटचा दिवस फाइलच्या मुखपृष्ठावर लाल शाईनं लिहा. कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, दाखल केलं असेल तर त्याचे ९० दिवसही तिथंच लिहा.

आता एक गोष्ट जिच्यात नवे वकील सगळ्यांत जास्त फसतात. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी येतं, ‘वकीलसाहेब, फक्त ओळखीची एक सही हवी आहे’ म्हणतं. प्रतिज्ञापत्राखाली ‘प्रतिज्ञाकर्त्यास मी ओळखतो’ असं छापलेलं असतं, किंवा जामीनदाराची ओळख द्यायची असते. शंभर-दोनशे रुपये मिळतात. महिना भागवायची ओढाताण असते, मला कल्पना आहे. पण त्या सहीचा अर्थ हा माणूस तोच आहे याची मी कोर्टाला खात्री देतो असा आहे. खोटी कागदपत्रं घेऊन जामीन राहणारे लोक असतात, आणि प्रकरण उघड झालं की पोलिसांना कागदावर सापडणारं एकमेव खरं नाव तुमचं असतं, सनद क्रमांकासकट. ज्याला ओळखत नाही त्याची ओळख द्यायची नाही. आपल्याच पक्षकाराचा जामीनदार असेल तर मूळ आधारकार्ड, सातबारा किंवा पगारपत्रक स्वतः पाहा, प्रती फाइलला ठेवा, त्या माणसाशी दोन मिनिटं बोला. सातबाऱ्यावरचा माणूस आपल्या गावाचं, शिवाराचं, शेजारच्या खातेदाराचं नाव सहज सांगतो.

याच कारणानं कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर पक्षकाराची सही घेऊन ठेवू नका. ‘गावाहून पुन्हा यायला नको’ ही सोय पुढं दोघांच्याही गळ्याशी येते.

पक्षकाराकडून मूळ कागद घेतला तर पोच द्या: कोणता कागद, किती पानं, कोणत्या तारखेला. परत देताना त्याच पोचेवर सही घ्या. पैसे घेतले तर फी किती आणि कोर्ट फी, टायपिंग, नकला यांचा खर्च किती, हे वेगळं लिहा. फी किती टप्प्यांत घ्यायची ते पहिल्याच भेटीत बोला; मराठी माणसाला पैशाचं बोलायला अवघड वाटतं, आणि ते अवघडलेपण तिसऱ्या वर्षी भांडणात बदलतं. निकालातून मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणं नियमानं बंद आहे. फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलरामप्रसाद शर्मा या प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. फी वसूल करायला वेगळा मार्ग आहे.

प्रत्येक तारखेनंतर त्याच दिवशी पक्षकाराला कळवा: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, त्यानं यायचं की नाही, येताना काय आणायचं. तीन ओळींचा संदेश पुरतो. ‘तारीख पडली’ एवढं सांगू नका, का पडली ते सांगा. आपल्यामुळं पडली असेल तर तेही सांगा. ‘केस शंभर टक्के आपलीच’ असं कधीच म्हणू नका. पक्षकार ज्या गोष्टी सांगतो त्या बाररूममध्ये, रिक्षात, घरी जेवताना बोलायच्या नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नं पक्षकाराच्या गुपिताला दिलेलं संरक्षण वकीलपत्र संपल्यावरही टिकतं.

समोरच्या वकिलांबरोबर चहा घ्या, जरूर घ्या. पण पक्षकाराला ते आधी समजावून सांगा, कारण गावाहून आलेल्या माणसाला आपले वकील समोरच्याशी हसताना दिसले की पोटात गोळा येतो. समोरच्या पक्षकाराशी थेट बोलणी करायची नाहीत, त्याच्या वकिलांमार्फतच. आणि दुसऱ्या वकिलांचं वकीलपत्र असलेलं प्रकरण तुमच्याकडे आलं तर त्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय हजर होऊ नका. पक्षकार म्हणेल, ‘त्यांना कळवायची गरज नाही.’ गरज आहे. फोन करा, भेटायला जा, त्यांची फी बाकी आहे का विचारा. ते संमती देत नसतील तर कोर्टाकडे परवानगी मागता येते.

समाजमाध्यमांबद्दल थोडक्यात. जाहिरात बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमानं बंद आहे. संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनद क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढं देता येतं. मिळवलेल्या आदेशाचा फोटो पक्षकाराच्या नावासकट स्टेटसला ठेवणं, कोर्टरूममध्ये रील करणं, न्यायाधीशांबद्दल ग्रुपवर शेरे मारणं, हे सगळं स्क्रीनशॉट होऊन फिरतं.

शेवटी सिनिअरच्या ऑफिसाबद्दल. रुजू होताना चार गोष्टी विचारा: महिना किती मिळेल, प्रवासखर्च कोण देईल, स्वतःची प्रकरणं घेता येतील का, आणि शनिवार-रविवारी किती वेळ अपेक्षित आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनिअरना शहरी भागात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही, आणि बहुतेक तालुक्यांत तेवढं मिळत नाही. ज्यांच्या घरात आधी कुणी वकील नाही, ज्यांना खोलीचं भाडं भरायचं आहे, त्यांना हा व्यवसाय पहिल्या तीन वर्षांतच बाहेर ढकलतो. मला हे बारचं अपयश वाटतं आणि इथं बसलेल्या सिनिअर मंडळींना मी ते समोरासमोर सांगतो. ज्युनिअरला गाडीत बसवून नेणं, चहा-जेवण देणं म्हणजे विद्यावेतन नव्हे.

ज्युनिअरनं विचारायचं कसं, हेही एक कौशल्य आहे. ‘सर, यात काय करायचं?’ असं रिकाम्या हातानं विचारू नका. ‘सर, कैफियतीचे ३० दिवस परवा संपतात, मुदतीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, ९० दिवसांचा हिशेब इथं लिहिला आहे, पाहता का?’ असं विचारा. आणि तो दावा कमर्शियल कोर्टातला असेल तर तेही सांगा, कारण तिथं १२० दिवसांनंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो.

ऑफिस सोडायची वेळ येईल. एक महिना आधी सांगा. तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक प्रकरणाची यादी करा: क्रमांक, टप्पा, पुढची तारीख, पुढच्या तारखेला काय करायचं, कोणता मूळ कागद कोणत्या कपाटात, कोणत्या पक्षकाराकडून काय यायचं बाकी. यादीच्या दोन प्रती, एकीवर सिनिअरची सही घेऊन स्वतःकडे ठेवा. ऑफिसच्या पक्षकारांचे फोन क्रमांक उतरवून नेऊ नका. त्यांच्यातलं कुणी स्वतःहून तुमच्याकडे आलं, तर आधी सिनिअरना फोन करा, मग फाइल उघडा. पहिल्या महिन्यात एखाद्या जुन्या प्रकरणात काही सापडेनासं झालं तर ऑफिसमधून तुम्हालाच फोन येईल. तो उचला.